तुझ्याकडे मागितलेला बोजारा

शालू, तू गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी चौथीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. कार्ड वाचलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि सतराचा पाढा पुरा करून घेतला. मग शाळा सोडून दिली. एवढं कळल्यावरही ही बया पाढा पुरा करते, म्हणून तुला रागच येईल. पण पाढा मध्येच थांबवला असता तर त्याच्यापुढं मला काहीतरी करावं लागलं असतं, आणि काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. आठवडा होत आला.

तेव्हापासून दुपारी जरा डोळा लागला की तू दिसतेस. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, पाण्यात ढग उतरलेले असतात आणि तू त्या ढगांत पोटऱ्यांपर्यंत उभी असतेस, वाकलेली. हातात धानाच्या रोपांची पेंडी. रोवणारी बाई पुढं चालत नाही, मागं मागं सरकत जाते. आपण कुठं चाललो ते तिला दिसत नाही, काय लावून आलो तेवढंच दिसतं. तशी तू सरकत जातेस, तुझ्यासमोर हिरवं वाढत जातं आणि तू लहान होत जातेस. मी धुऱ्याच्या बांधावरून ओरडते, अगं शालू, मागं बांधी संपली. तुला ऐकू जात नाही. मग शाळेच्या आवारातली शेळी ओरडते आणि मी जागी होते, तर बाहेर पौषातलं पिवळं ऊन असतं आणि शेतात पाण्याचा टिपूस नसतो.

तुझ्या साप्ताहिकानं तुझ्यावर चौकट छापली म्हणे. जन्म कुठला, शिक्षण काय, वडील किती मोठे वकील, हे सगळं त्यात असेलच. मी ती मागवली नाही. वसतिगृहात माझ्या वाट्याच्या पोळीला दूध लावून खाणारी मुलगी त्या चौकटीत काही मला भेटणार नव्हती. आपण दोघी नागपूरला मास्तरकी शिकायला आलो होतो. मी शिकले आणि गावाकडं परतले. तू अर्ध्यात सोडलंस, कारण तुला लोक काय काम करतात ते लिहायचं होतं, आणि तेही ते काम स्वतः करून. विड्यांच्या कारखान्यात बायांच्या रांगेत बसून तू विड्या वळल्यास आणि 'मी' म्हणून लिहिलंस. मूल गावच्या रस्त्यावर खडी फोडलीस आणि 'मी' म्हणून लिहिलंस. तुझी आई सगळ्यांना सांगायची, आमच्या शालूला सोंगं घ्यायचं खूळ लागलंय. तुला त्या शब्दाचा फार संताप यायचा. मीही तुला चिडवायला तोच वापरायचे, कारण तू चिडलीस की तुझे कान लाल व्हायचे आणि मला ते बघायला आवडायचं.

त्या आषाढात तू छोट्या रुळाची गाडी बदलत बदलत ब्रह्मपुरीला उतरलीस, तिथून बैलगाडीनं माझ्या गावी. म्हणालीस, मला रोवण्याला लाव. मी म्हटलं, मी इथं जन्मले तरी बांधीत पाय घातला नाही, तुला कुठं लावू. पण तू पिशवीतून काष्ट्याचं लुगडं काढून दाखवलंस. कुठून आणलं होतंस देव जाणे. ते नेसायला तुला माझ्याच शेजारणीनं शिकवलं आणि शिकवताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

फुलाबाईच्या टोळीत तुला घेतलं. गावात मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालगुजार होता तिथंच होता, त्याच्या बांध्याही होत्या तिथंच, आणि त्या रोवायच्या फुलाबाईच्या बायकांनी. मी सांगितलं, ही माझी मावसबहीण, नवऱ्यानं टाकलेली. फुलाबाई म्हणाली, बरं झालं, रोवण्याले मोकळी झाली. मग तुझ्याकडं वळून तिनं एवढंच विचारलं, "वाकता येते का जी तुमाले?"

तुझं सोंग दुपारच्या भाकरीपलीकडं टिकलं नाही. तूच खरं सांगून टाकलंस. कुणी तुला आपल्यातली मिरची दिली की तुझ्याच्यानं खोटं बोलवायचं नाही, हा तुझा जुनाच रोग. मी संध्याकाळी कपाळाला हात लावला, की आता गावभर होणार. पण फुलाबाईनं ते मनावर घेतलं नव्हतं. लिहायची असशील तर लिही म्हणाली, आणि तो दिवाणजी कंबर सरळ करू देत नाही, तेवढं मात्र लिहिल्याशिवाय राहू नको. हे खरंच होतं. मालगुजाराचा दिवाणजी दिवसभर धुऱ्यावर काठी घेऊन बसायचा, आणि एखादी बाई क्षणभर उभी झाली की तिच्या नावानं हाक मारायचा. शिवी नाही, मारणं नाही, नुसतं नाव. ते ऐकलं की बाई पुन्हा वाकायची.

तुझे ते दिवस मला धुक्यातून पाहिल्यासारखे आठवतात, आणि तरी त्यातलं काही काही फार स्पष्ट आहे. तू संध्याकाळी यायचीस ती भिंत धरून. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. मी मेंदीचा पाला वाटून भरायचे आणि तू पडवीत उताणी पडून छताकडं बघत त्या दिवशीचं सांगायचीस. डोळे मिटले तरी पाणीच हलतं म्हणायचीस. अंथरुणावर पडल्यावरही अंगठा आणि दोन बोटं आपोआप रोप खोचल्यासारखी हलायची तुझी. बोलीही उचलायला लागली होतीस. 'मले', 'तुले' जमलं होतं, पण 'का' विचारायचं 'काऊन' कुठं घालायचं ते जमत नव्हतं. वाक्याच्या शेवटी कुठंही ठेवून द्यायचीस. बायका तुला मुद्दाम बोलत्या करायच्या.

एक दिवस तू दारातूनच ओरडलीस की आज फुलाबाई मला 'तू' म्हणाली. आतापर्यंत 'तुमी' होतं, 'जी' होतं. आज म्हणाली, "पेंडी इकडे दे, तू तिकडची पात धर." एवढ्यावर तुझा आनंद. साप्ताहिकानं तुझं लिखाण पहिल्या पानावर घेतलं तेव्हाही तुझा चेहरा असा फुलला नव्हता. मी म्हटलं, शालू, मी तुला सात वर्षं 'तू' म्हणते आहे, माझ्या पायावर कधी लोटांगण घातलं नाहीस. तू चिखलाचा हात माझ्या तोंडाला पुसलास.

आणि तो कापडवाला आठवतो का? वडशाकडं निघालेला, छकड्यात गाठोडी लादून. आपल्याकडं रिवाज आहे. रोवण्याच्या दिवसांत वाटेनं कुणी बऱ्या परिस्थितीचा माणूस जाताना दिसला, की बायकांनी काम सोडून जावं, त्याच्या वाटेत रोपांची पेंडी आडवी ठेवावी आणि बोजारा मागावा. म्हणजे खुशीनं काही द्या. गूळ, सुपारी, काही. दिल्याशिवाय त्यानं पेंडी ओलांडायची नाही. हा रिवाज मोडणं अशुभ, म्हणून दिवाणजीलाही गप्प बसावं लागतं. मी त्या वेळी धुऱ्याजवळून शाळेत चालले होते म्हणून मला दिसलं. फुलाबाई आणि आणखी एक जण रस्त्यावर चढल्या. बाकीच्या आपापल्या जागी चिखलात उभ्या राहून बघत होत्या, हात कमरेवर ठेवून. आणि तू एकटी वाकलेली. कापडवाला हसतोय, बायका चेष्टा करताहेत, बैल मान हलवताहेत, आणि तू आपली रोवते आहेस, रोवते आहेस. दिवाणजीनं तुझी तारीफ केली, ही नवी बाई कामाची आहे म्हणून. संध्याकाळी तू ते मला अभिमानानं सांगितलंस.

रोवणा सरायला आला आणि तुला ताप भरला. दोन दिवस माझ्याकडं पडून होतीस. तिसऱ्या दिवशी उठलीस, न्हालीस, तुझं स्वतःचं पांढरं पातळ नेसलीस. गाडी दुसऱ्या दिवशीची होती. मी ऊन लागेल म्हटलं तर माझी छत्री घेतलीस आणि निघालीस, बायकांचा निरोप घ्यायला. मी सोबत होते. रस्त्यावरून जाताना दोन्हीकडं बांध्या भरलेल्या होत्या आणि वारा सुटला की सगळं हिरवं एका अंगाला वळत होतं. तू म्हणालीस, ह्यातलं काही रोप माझ्या हातचं आहे, पण कुठलं ते मला कधीच कळणार नाही. तुझा आवाज तापानं बसलेला होता आणि मला वाटलं, हिला असं सुखी मी पूर्वी पाहिलेलं नाही.

शेवटच्या बांधीत बायका होत्या. आपण दिसलो तशा त्या एकदम उभ्या राहिल्या, सगळ्याच्या सगळ्या. फुलाबाई चिखलातून रस्त्यावर चढली. मला वाटलं, तुला जवळ घेईल. तिनं तुझ्या पायांपुढं पेंडी आडवी ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "बोजारा द्या जी बाई."

तू तिच्याकडं बघत राहिलीस. तुझ्या हातात माझ्या छत्रीशिवाय काही नव्हतं. कुणी हसलं, कुणी म्हणालं की बाई मोठ्या घरच्या दिसतात, असंच जाऊ देऊ नका. दिवाणजी लांबच्या धुऱ्यावरून मान उंच करून बघत होता. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तू ते पुसलंही नाहीस. फार वेळ गेला. मग मीच माझ्या कमरेची पानाची चंची काढून फुलाबाईच्या हातावर सुपारी ठेवली, तेव्हा तिनं पेंडी उचलली आणि बोटानं तुझ्या कपाळाला चिखलाचा टिळा लावला. तू हात जोडलेस. आपण परत फिरलो.

स्टेशनवर गाडी यायला उशीर होता. तू बाकावर बसून होतीस. रुळांकडं बघत म्हणालीस, "कुसुम, ती मला द्या म्हणाली."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि तू गेलीस तरी ते सुटलेलं नाही. रोवण्यावरचं तू लिहिलं होतंस, मला वाचूनही दाखवलं होतंस, आणि तुझ्या सगळ्या लिखाणात ते सरस होतं. ते तू छापायला दिलं नाहीस. त्यात जागोजागी 'मी' आहे, म्हणालीस, आणि तो 'मी' त्यांना मान्य नाही. मी त्यांच्यात तोवरच होते जोवर चिखलात होते. पातळ बदललं आणि मी रस्त्यावरची झाले, ज्याच्याकडं बोजारा मागायचा अशी. त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांनी मला माझी जागा दाखवली. मी म्हणायचे, अगं, सासरी निघालेल्या लेकीलाही अडवून मागतात कधी कधी, ती काय परकी असते? तू म्हणायचीस, लेकीला 'दे' म्हणतात, 'द्या जी' म्हणत नाहीत. मग मी आवाज चढवायचे.

त्यानंतर तू 'मी' म्हणून कुठलंच काम केलं नाहीस, कुठलंच लिहिलं नाहीस. कचेरीत बसून दुसऱ्यांची मुद्रितं तपासायला लागलीस, आणि महिलांच्या पानावर लोणच्याच्या कृती. माझ्याकडं ते पान यायचं आणि मी ते फाडून चुलीत घालायचे. खूप राग होता मला तुझा. फुलाबाई दर साल रोवण्याच्या वेळेला शाळेशी थांबायची आणि विचारायची, छापून आलं का जी? मी म्हणायचे, येईल. दिवाणजी अजून तसाच धुऱ्यावर बसत होता. एका बाईनं 'द्या' म्हटलं म्हणून तू सगळ्या बायकांचं लिहायचं सोडून दिलंस, हे मला अजिबात पटलं नाही, आणि ते मी तुला गेल्या दिवाळीत अगदी ह्याच शब्दांत ऐकवलं. तू पडवीच्या खांबाला टेकून बसली होतीस. म्हणालीस, तुला नाही समजायचं. मग आपण दोघींनी शेंगा सोलल्या. ती आपली शेवटची भेट, आणि त्यात सोललेल्या शेंगांशिवाय हाती काही लागलं नाही.

जे तुला सांगायचं राहिलं ते हे, की तुझ्यामुळं मला माझं गाव दिसलं. मी इथलीच, पण धुऱ्यावरची. पटवाऱ्याची मुलगी, मग मास्तरीण. बायका रोवताना दिसायच्या तशी झाडंही दिसायची. तू येऊन गेल्यावर मला त्यांतली प्रत्येक जण वेगळी दिसायला लागली, कुणाला किती महिने झालेत, कुणाचं मूल झाडाखाली टांगलं आहे, कोण आज आलीच नाही. रोवण्याच्या दिवसांत मुलं शाळेत आली नाहीत तर मी आता छडी हातात घेत नाही. हे तुझं देणं आहे. मी ते तुला बोलून दाखवलं नाही, कारण मी तुझ्यावर रागावलेली होते, आणि राग धरून ठेवायला मला फार आवडतं. तुझी आठवण येते, शालू. दिवसातून कितीदा तरी येते.

काल फुलाबाईकडं गेले. तिला सांगायला हवंच होतं. धान निघून गेलंय, बांध्यांत लाखोळीचं कडधान्य आलं आहे, आणि ती एका धुऱ्यापाशी बसून लाखोळीचा कोवळा पाला खुडत होती. आता थकली आहे. मी सांगितलं तसा तिचा हात थांबला. कशानं गेली विचारलं. तापानं म्हटलं. मीही तिच्याशेजारी बसून पाला खुडू लागले. मग ती आपणहून तुझ्या शेवटच्या दिवसाचं बोलू लागली.

"मले याद हाय जी तो दिवस. सकाळपासून रस्त्यानं कोणी आलंच नाई. कुत्रं नाई का मानूस नाई. बोजारा मांगाले कोणी नाई त उभं कसं राहाव? कंबरा मोडून राह्यल्या होत्या. दिवाणजी त हाक माराले तयारच. अन् हे बाई आली, पांढरं नेसून, छत्री घेऊन, मोठ्या घरच्यावानी. मी बायांले म्हटलं, पाहा, अंगात ताप हाय पन आपल्याले इसरली नाई. आपल्याले उभं कराले आली."

इतकी वर्षं मी तो रिवाज पाहत आले होते आणि मला वाटायचं, बायका सुपारीसाठी मागतात.

मी विचारलं, मग तिला 'द्या जी' काऊन म्हटलं, तिला तर तुम्ही 'तू' म्हणत होता.

"दिवाणजी ऐकून राह्यला होता ना, बाई. 'दे वो शालू' म्हटलं असतं त त्यानं म्हटलं असतं, हे त तुमच्यातलीच हाय, चाला कामाले." मग ती हसली. तोंडात दात थोडेच उरलेत. "अन् तेबी पक्की. काई लवकर देल्लंच नाई. डोयात पानी गिनी आनून उभी. ते जेवढा वेळ उभी, तेवढा वेळ आमी उभ्या. त्या साली तेवढी कंबर कवाच सुटली नाई."

शालू, तू रडत होतीस आणि त्या सगळ्या जणी तुझ्यामुळं पाठ सरळ करून वारा खात होत्या. त्यांना वाटलं, तू त्यांच्यातली आहेस म्हणूनच तुला हे सुचलं. त्यांना वाटलं, ते पांढरं पातळ म्हणजे तुझं सोंग आहे.

फुलाबाईनं ओट्यातला पाला सारखा केला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "मुद्दामच आली होती ना जी ते?"

मी हो म्हटलं. तू असतीस तर तिथल्या तिथं तिला खरं काय ते सांगून मोकळी झाली असतीस, तुझ्याच्यानं राहवलं नसतं. मी सांगणार नाही.